औषधाची चूक झाली तर नोंद कुठं करायची? (बेळगाव–खानापूर–निपाणी परिसर)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये चुकीचं औषध दिलं गेलं, किंवा औषध बरोबर पण घेण्याची पद्धत चुकली, तर ते कुणाला कळवायचं? मला भांडण करायचं नाही, पैसेही नकोत. पुढच्या पेशंटच्या वाट्याला तेच येऊ नये, एवढ्यासाठी विचारते आहे. चार ठिकाणी विचारलं, धड उत्तर कुणी दिलं नाही.

झालं ते असं. सासूबाईंना संधिवात. बेळगावच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथं मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारक्या. चिठ्ठी इंग्रजीत. मेडिकलमध्ये दोन्ही पट्ट्या एकाच कागदी पाकिटात घातल्या आणि पाकिटावर पेनानं १-०-० लिहिलं. कुठली रोज, कुठली आठवड्यातून, ते तोंडी सांगितलं असेल तर आमच्यापर्यंत पोचलं नाही. सुगीचे दिवस, घरातले सगळे शेतात. सासूबाई पाकिटावर बघून रोज सकाळी दोन्ही गोळ्या घेत गेल्या.

आधी तोंड आलं. आम्हाला वाटलं उष्णता झाली, म्हणून सब्जा, गुलकंद, ताक चाललं होतं. मग घास गिळेना, ताप भरला, अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले. नेलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पार उतरलेल्या. फोलिनिक ॲसिडची (मेथोट्रेक्सेटवरच्या उताऱ्याची) इंजेक्शनं चालू झाली, वेगळ्या खोलीत ठेवलं. वाचल्या.

घरी सोडताना मी विचारलं, "हे कुठं लिहून ठेवणार का तुम्ही?" तर उत्तर आलं, "आता बऱ्या झाल्या की ताई." डिस्चार्ज कार्डावर 'औषधाचा दुष्परिणाम' इतकंच आहे. गोळी रोज घेतली गेली, का घेतली गेली, त्याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे कागदावर दोष त्या गोळीचा. त्याच मेडिकलमध्ये आजही तसंच पाकीट कुणाच्या तरी हातात पडत असणार, हे मनातून जात नाही.

---

फार्मा_अनगोळ

ताई, सासूबाई वाचल्या हे फार मोठं झालं. रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट माणूस घेऊन जातं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. भारतात औषधांच्या त्रासाची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला पीव्हीपीआय म्हणतात. २०१० साली सुरू झाला. पहिलं समन्वय केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये होतं, २०११ पासून ते गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं आहे. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत लागतो. सामान्य माणसासाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, तो मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. मोबाइल ॲपही आहे. मेडिकल कॉलेजांच्या फार्माकॉलॉजी विभागात या कार्यक्रमाची केंद्रं चालतात, तिथं जाऊन फॉर्म दिला तरी चालतो.

फॉर्म भरायला डॉक्टर लागत नाही. चार गोष्टी असल्या की नोंद घेतली जाते: पेशंट कोण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरं आणि वय पुरे), कुठलं औषध, काय त्रास झाला, आणि कळवणारा कोण. पट्टीवरचा बॅच नंबर आणि मुदत मिळाली तर उत्तम, म्हणून रिकामी पट्टी फेकू नका. डॉक्टर-नर्सच्या फॉर्मवर स्पष्ट छापलेलं असतं की नोंद दिली म्हणजे कुणाची चूक कबूल केली असं होत नाही. माहिती गुप्त ठेवतात.

तुम्ही लिहिताना 'मेथोट्रेक्सेटनं तोंड आलं' एवढ्यावर थांबू नका. 'आठवड्याची गोळी रोज घेतली गेली, दोन्ही पट्ट्या एका पाकिटात होत्या, पाकिटावर १-०-० होतं, दोन्ही गोळ्या पिवळ्या होत्या' असं सगळं लिहा. मेथोट्रेक्सेटनं तोंड येतं हे जगाला माहीत आहे. ते रोज का घेतलं गेलं, यात शिकण्यासारखं आहे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये नेमक्या याच चुकीसाठी नियम कडक केले: खोक्यावर आठवड्यातून एकदाचा ठळक इशारा, गोळ्या बाटलीत न देता पट्टीतच, आणि पेशंटजवळ वार लिहिलेलं कार्ड. रोज घेतल्याच्या नोंदी येतच राहिल्या म्हणून ते झालं. कुणीतरी एकेक कागद भरला होता.

---

येळ्ळूरकर

सगळं ठीक आहे, खरं मला पटत नाही. माणूस मरता मरता वाचलाय आणि आपण गाझियाबादला फॉर्म पाठवायचा? आमच्या भावकीत एक पोरगा असाच गेला. चुकीचं इंजेक्शन. फाइल मागितली तर आज या, उद्या या. शेवटी मिळाली ती निम्मी. त्याच्या आईनं कुणाकडं बघायचं? या लोकांना शिक्षा झाल्याशिवाय सुधारणा होणार नाही. फॉर्म म्हणजे प्रकरण दाबायची सोय.

---

फार्मा_अनगोळ

दादा, तुमच्या घरी झालं त्याला फॉर्म हे उत्तर नाहीच. तिथं न्यायच मागायला पाहिजे, आणि त्याचे रस्ते आहेत. लेखी अर्ज केला की ७२ तासांच्या आत केसपेपरच्या प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, २००२ च्या आचारसंहितेत ते आहे. अर्जाची पोच घ्यायची. कर्नाटकात खाजगी दवाखान्यांची नोंदणी २००७ च्या केपीएमई कायद्याखाली होते, त्याच्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तक्रार तिथं देता येते. ग्राहक आयोगात जायचं तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत.

पण मलप्रभाकाठ ताईंना जे पाहिजे ते या रस्त्यांवर मिळत नाही. खटला एका माणसाचा दोष ठरवतो. तो निकालात निघाला तरी दोन पिवळ्या गोळ्या एकाच पाकिटात जायच्या थांबत नाहीत. दोन्ही रस्ते लागतात, आणि एकावर चाललं म्हणून दुसरा बंद होत नाही.

---

रातपाळी

मी नर्स आहे. दोन दवाखान्यांत काम केलंय, दोन्हींची नावं लिहिणार नाही. येळ्ळूरकर दादा, तुमचा राग मला कळतो. पण वॉर्डच्या आतून काय दिसतं ते सांगते.

पहिल्या ठिकाणी इन्सिडेंट फॉर्म होता. त्याच्या अगदी वरच्या रकान्यात लिहायचं, 'चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव'. फॉर्म भरला की मेमो, मेमोनंतर पगारातून कपात. मग काय होणार? फॉर्मचं पॅड कपाटात कोरंच्या कोरं. वर्षाच्या शेवटी मॅनेजमेंट सांगायचं, आमच्याकडं औषधांच्या चुका शून्य. चुका होत होत्या. सकाळच्या पाळीत बोलण्यातून एकमेकींना कळायच्या, कागदावर कधी आल्या नाहीत.

दुसऱ्या ठिकाणी फॉर्मवर नाव नव्हतंच. काय झालं, कधी झालं, तेव्हा वॉर्डमध्ये किती पेशंट आणि किती स्टाफ होता, औषध कुठं ठेवलेलं होतं, आणि पेशंटपर्यंत पोचलं का. बस्स.

तिथला एक प्रसंग सांगते, कारण त्यात कुणालाही काही झालं नाही. रात्री एक सिस्टर अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल घेत होती. १० मिलीची, पारदर्शक प्लॅस्टिकची. मान मोडायच्या आधी तिनं ती ट्यूबलाइटकडं धरून वाचली. ती पोटॅशियम क्लोराइडची निघाली. तोच आकार, तितकंच पाणी, छपाई इतकी बारीक की उजेडाशिवाय दिसत नाही. ते पाणी न मिसळता सरळ शिरेतून गेलं तर हृदय थांबतं. पेशंट झोपलेला, त्याला कधीच कळलं नसतं.

पहिल्या दवाखान्यात असतो तर आम्ही एकमेकींना सांगून विषय संपवला असता. इथं तिनं फॉर्म भरला. मेट्रनबाईंनी जुने फॉर्म काढले तर दुसऱ्या वॉर्डातूनही तशीच एक नोंद आधीच आलेली. त्यानंतर जनरल वॉर्डातून पोटॅशियम काढून टाकलं. आता ते फक्त आयसीयूमध्ये, कुलपात, लाल स्टिकर लावलेल्या डब्यात असतं, आणि काढताना दोघींच्या सह्या लागतात. सिस्टर तीच, ट्यूबलाइट तीच. बदलली ती कपाटाची जागा.

दादा, शिक्षेच्या भीतीनं माणूस काळजीपूर्वक वागतो असं बाहेरून वाटतं. आतून बघितलं तर भीतीनं माणूस गप्प बसतो.

---

डॉ_चिकोडी

रातपाळी सिस्टरांनी लिहिलंय ते फार मोलाचं आहे. चूक पेशंटपर्यंत पोचण्याआधी पकडली गेली तर तीही मोजायची असते, हे आपल्याकडं डॉक्टरांनाही पटवून द्यावं लागतं. अमेरिकेतल्या एनसीसी मर्प नावाच्या संस्थेनं औषधांच्या चुकांच्या ए पासून आय पर्यंत नऊ पायऱ्या ठरवल्यात. पहिली म्हणजे चूक होऊ शकेल अशी परिस्थिती आहे, पण अजून झालेली नाही. शेवटची म्हणजे मृत्यू. दोन सारख्या अँप्यूल शेजारी ठेवलेल्या असणं हीच पहिली पायरी, तीही नोंदवायची. ट्यूबलाइटखाली पकडली गेली ती दुसरी. खालच्या पायऱ्यांवर नोंदी झाल्या तर वरच्या पायऱ्यांवर माणसं कमी पोचतात.

येळ्ळूरकर, शिक्षा कुणालाच नको असं मी म्हणत नाही. माणसाच्या हातून अनवधानानं झालेलं एक, घाई म्हणून सगळेच पायरी गाळतात ते दुसरं, आणि धोका दिसत असताना केलेली बेपर्वाई तिसरं. पहिल्याला आधार द्यायचा, दुसऱ्याला समजवायचं आणि घाई का पडते ते बघायचं, तिसऱ्याला शिक्षा. आपल्याकडं तिन्हींना एकच मेमो मिळतो, म्हणून तिसराही गर्दीत सुटून जातो.

अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१७ मध्ये एका नर्सनं चिंता कमी करायच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध दिलं. दोन्ही औषधांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं सारखी, मशीनच्या कपाटात दोन अक्षरं टाइप केली की नाव पुढं येतं. पेशंट वारली. नर्सनं स्वतःहून सांगितलं. २०२२ मध्ये तिला कोर्टानं फौजदारी गुन्ह्यात दोषी धरलं, तुरुंगवास टळला, प्रोबेशन मिळालं. तेव्हा जगभरच्या नर्सेसनी एकच प्रश्न विचारला, आता पुढं कोण सांगेल? तिनं वाचायच्या त्या गोष्टी वाचल्या नाहीत, हे खरंच. पण तसलं औषध तितक्या सहज हातात येत होतं, हेही तितकंच खरं.

नोंदींनी काय होतं त्याचं एक उदाहरण. विनक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध शिरेतून द्यायचं असतं. चुकून ते पाठीच्या कण्यातून दिलं गेलं तर पेशंट जवळपास नेहमीच दगावतो, आणि ही चूक वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा झाली. प्रत्येक दवाखान्याला ती आपल्याच एका निष्काळजी डॉक्टरची वाटत होती. देशोदेशीच्या घटना शेजारी ठेवल्यावर दिसलं की विनक्रिस्टिन आणि कण्यातून द्यायचं दुसरं औषध, दोन्ही सारख्याच सिरिंजमध्ये, एकाच ट्रेवर येतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्या. पिशवी कण्याच्या सुईला कोण जोडायला जाणार?

---

निपाणी_मेडिकल

मेडिकलवाल्याची बाजू मांडतो, कारण पाकीट आमच्याच हातातून जातं.

आमच्याकडं एका दिवसात कोल्हापूरची चिठ्ठी येते, गडहिंग्लजची येते, चिकोडीची येते, बेळगावची येते. माणूस जिथं गाडी मिळेल तिथं दाखवतो, जिथं उतरेल तिथं औषध घेतो. एक काका नेहमीचे. बीपीची गोळी कोल्हापूरच्या डॉक्टरांची चालू होती, टेल्मिसार्टन ४०. छातीत दुखलं म्हणून बेळगावला नेलं, तिथंही टेल्मिसार्टन ४०, पण कंपनी वेगळी, नाव वेगळं. घरी दोन्ही पट्ट्या चालू. एसटीतून उतरताना चक्कर येऊन पडले. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला लावल्या, तेव्हा कळलं. दोन्ही डॉक्टर बरोबर, दोन्ही मेडिकलवाले बरोबर, आणि काका रस्त्यावर आडवे. ही चूक कुठल्या दवाखान्याच्या फॉर्मवर येणार? सीमेवर राहणाऱ्यांची औषधं अशी दोन राज्यांत विभागलेली असतात आणि सगळं एकत्र फक्त घरच्या डब्यात भेटतं.

दुसरं म्हणजे पट्टी कापणं. लोक चार गोळ्या मागतात, आम्ही कात्रीनं कापून देतो. औषधाचं नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. पेशंटच्या हातात आला तो तुकडा मुका. आता मी नाव असलेल्या बाजूनं कापत जातो, आणि उरलेला तुकडा नाव नसेल तर विकत नाही. नुकसान होतं, होऊ दे. २०२३ पासून तीनशे मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड आलाय, तो चांगला आहे, खरं कापलेल्या तुकड्यावर तो कुठून येणार?

आणि हस्ताक्षर. डॉक्टरांनी सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा नियम २०१६ लाच झालाय. तरी डोपामिन की डोब्युटामिन, हायड्रॅलाझिन की हायड्रॉक्सिझिन, असल्या चिठ्ठ्या येतात. मी फोन करतो. काही डॉक्टर रागावतात, "वाचता येत नाही काय?" म्हणतात. तरी करतो. चिकोडीचे डॉक्टर इथं आहेत म्हणून हात जोडून सांगतो, फोन करणाऱ्या मेडिकलवाल्याला झापू नका. तुमच्याच पेशंटसाठी करतोय तो.

---

डॉ_चिकोडी

मान्य. पूर्ण मान्य. फोनवरचं औषध सांगताना आम्हीही आकडे सुटे सांगायला पाहिजेत. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांच्यात फरक ऐकू येत नाही. 'एक-पाच' म्हणायचं, आणि समोरच्यानं परत वाचून दाखवायचं. आमच्याकडं सिस्टर परत वाचून दाखवतात, मग मी हो म्हणतो. वेळ लागत नाही.

---

आशाताई_जांबोटी

मी आशा कार्यकर्ती आहे, जांबोटी भागात. इथं सगळं घरी घडतं, दवाखान्यात नाही. म्हणून माझं पण ऐका.

लहान बाळाच्या तापाचं औषध दोन तऱ्हेचं मिळतं. ड्रॉप असतात त्यात १ मिलीला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. साधं सिरप १२५ चं असलं तर ५ मिलीला १२५, म्हणजे १ मिलीला २५. ड्रॉप चौपट कडक. आई दुकानातून ड्रॉप आणते, त्याचा ड्रॉपर हरवतो, मग मागच्या सिरपचं झाकण असतं त्यानं ५ मिली पाजते. आठ किलोच्या पोराला एका वेळी पाचशे गेलं. त्याला ऐंशी ते एकशेवीस पुरतं. आमच्या वाडीत असं एक झालं, मी घरी गेले म्हणून बाटली बघितली. दुसऱ्यांदा पाजायच्या आधी थांबवलं, पीएचसीला नेलं. पोरगं ठीक आहे.

त्या बाईला कुणी दोष देऊ नये. बाटल्या सारख्या, अक्षर इंग्रजी. आता मी गृहभेटीला गेले की आधी औषधाचा डबा काढायला लावते. ड्रॉपर नसेल तर ड्रॉपची बाटली वापरायची नाही असं सांगते. हे गाझियाबादला कळवायचं का? आमच्यासारख्यांचं कुणी घेतं का?

---

फार्मा_अनगोळ

आशाताई, जरूर कळवा. आशा, नर्स, फार्मासिस्ट, पेशंट, नातेवाईक, सगळ्यांचं घेतात. बाळाला त्रास झाला नसला तर तिथल्या फॉर्ममध्ये ते नीट बसत नाही, कारण तो कार्यक्रम मुळात दुष्परिणामांसाठी उभा राहिलाय. ही त्याची उणीव आहे. त्रास न होता टळलेल्या चुकांसाठी आपल्याकडं दवाखान्याच्या आतलाच फॉर्म, तोही असला तर. म्हणून तुमची गोष्ट पीएचसीच्या डॉक्टरांना लेखी द्या आणि महिन्याच्या आशा बैठकीत मांडा. तिथं बसलेल्या प्रत्येकीच्या वाडीत ड्रॉपची बाटली आहे.

---

भालकीकर

बीदर जिल्ह्यातून लिहितोय. इन्सुलिनचं कुणी बोललं नाही, म्हणून.

आमच्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमध्ये घालायचं काडतूस १०० चं, त्याला लागणारी सिरिंज केशरी टोपीची. आमच्या गल्लीतल्या एका काकांना मुलानं पुण्याहून पेन पाठवला. इथं पेनच्या सुया संपल्या. मग घरातली जुनी लाल टोपीची सिरिंज काडतुसात खुपसून २० च्या खुणेपर्यंत ओढलं. त्यांना वाटलं २० युनिट. गेलं ५० युनिट. अडीचपट. दोन तासांत दरदरून घाम, बोलणं अडखळायला लागलं. शेजारच्या वहिनींनी साखरेचं पाणी पाजत पाजत दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कमी झालं होतं का?" आणि तेच लिहिलं. सिरिंज कुणी बघितलीच नाही. मी टोपीचा रंग नंतर घरी बघितला. मलप्रभाकाठ ताई म्हणतात ते हेच. कागदावर कारण चुकीचं गेलं की पुढचं सगळं चुकीचं.

---

येळ्ळूरकर

वाचतोय सगळं. माझं मत पूर्ण बदललं नाही. आमच्या पोराच्या बाबतीत जे झालं ते तिसऱ्या प्रकारचं होतं, डॉक्टर म्हणतात ते, आणि मी मागं हटणार नाही. ७२ तासांचं मला माहीत नव्हतं. सोमवारी अर्ज देतो, पोच घेतो.

एक मात्र आहे. औषधाच्या पाकिटावर आणि डिस्चार्ज कार्डावर आमची भाषा का नाही? निम्म्या चुका तिथंच थांबतील.

---

सीमावासी

+१. हाच मूळ मुद्दा आहे, आणि सत्तर वर्षं

---

संपादक

सीमावासी, प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत. इथं औषधांबद्दलच लिहावं ही विनंती.

---

रातपाळी

भाषेचं येळ्ळूरकर दादांनी विचारलं ते औषधांबद्दलच आहे, म्हणून लिहिते. आमच्या वॉर्डात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे पेशंट शेजारी-शेजारी असतात. सोडताना सूचना कुठल्याही एका भाषेत छापली तरी कुणीतरी राहतंच. आमच्या फार्मसीतले अण्णा कन्नडभाषक आहेत, त्यांना मराठी जेमतेम येतं. ते पाकिटावर सूर्य काढतात, अर्धा सूर्य काढतात, चंद्र काढतात. सकाळ, संध्याकाळ, रात्र. आणि मग पेशंटलाच विचारतात, "ही कधी घेणार, दाखवा." पेशंट बोट ठेवून दाखवतो. चुकलं तर तिथल्या तिथं कळतं. 'समजलं का?' विचारलं की सगळे हो म्हणतात. दाखवायला लावलं की खरं काय ते दिसतं.

पण आठवड्याच्या गोळीला सूर्यचंद्र चालत नाहीत. तिथं वारच लिहायला पाहिजे, तोही पेशंटच्या भाषेत. 'फक्त सोमवारी'. आणि ती पट्टी वेगळ्या पाकिटात.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

टोल-फ्रीला फोन लागला. हिंदीत बोलले, नीट ऐकून घेतलं. मराठी फॉर्म भरला. फार्मा दादांनी सांगितल्याप्रमाणे पाकिटाचं सगळं लिहिलं, आणि पाकिटाचा फोटो जोडला. पाकीट मी जपून ठेवलं होतं हे बरं झालं.

दवाखान्याला एक पत्र दिलं. त्यात कुणाचं नाव घातलं नाही. घडलं तसं लिहिलं आणि दोनच गोष्टी मागितल्या: मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर वाराचं नाव लिहावं, आणि डिस्चार्ज कार्डात 'गोळी रोज घेतली गेली' अशी दुरुस्ती करून द्यावी. पत्राची पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

मेडिकलमध्ये स्वतः गेले. काउंटरवरचा मुलगा घाबरला, त्याला वाटलं भांडायला आले. त्याला दोन पिवळ्या गोळ्या हातावर ठेवून दाखवल्या आणि विचारलं, यातली आठवड्याची कुठली? त्याला पट्टी उलटल्याशिवाय सांगता आलं नाही. मालक मागून सगळं बघत होते. काही बोलले नाहीत. मी त्यांना या धाग्याची लिंक दिली आहे.

एक प्रश्न राहिला. सासूबाईंना आमच्या नकळत एका वैदूचा काढाही चालू होता. तो फॉर्ममध्ये लिहायचा का? घरचे म्हणतात नको, उगाच फाटे फुटतील.

---

फार्मा_अनगोळ

लिहा ताई. काढा, भस्म, चाटण, दुखण्यावरची साधी गोळी, सगळं लिहायचं. फॉर्ममध्ये सोबत घेतलेल्या इतर औषधांची जागा त्यासाठीच असते, आणि आयुर्वेदिक-वनौषधींच्या त्रासाचीही नोंद घेतात. संधिवाताच्या माणसाला तर हमखास विचारा, कारण दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी मेथोट्रेक्सेट अंगात साठून राहतं. आधीचा फॉर्म गेला असला तरी हरकत नाही. त्याच नंबरला फोन करून पुरवणी माहिती देता येते, पहिल्या नोंदीचा क्रमांक सांगा म्हणजे जोडतील. काढ्याची बाटली असेल तर ती पण टाकू नका.